नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?

कोथरूडकर:
वडील 66 वर्षांचे. कोथरूडचा फ्लॅट आई-वडिलांच्या नावावर, मुळशीत वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन आणि बँकेत ठेवी. सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी मी. एक बहीण आहे, आजीही (वडिलांची आई) हयात आहे. वडील म्हणतात, नॉमिनी लावलाय, झालं काम. खरंच झालं का? मृत्युपत्राला नोटरी पुरते का?

दस्तलेखक, शिवाजीनगर:
नाही झालं. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते, पण ते पैसे वारसांचेच. सोसायटीही नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेते, मालक नव्हे.

तुमच्याकडे आजी आहेत, म्हणून घाई करा. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलं आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस. म्हणजे वडिलांच्या वाट्याचे चार समान भाग होतील: आई, तुम्ही, बहीण, आजी. आजींनीही मृत्युपत्र केलं नसेल, तर पुढे त्यांच्या भागात काका-आत्यांचा हक्क येतो. मग फ्लॅट विकताना प्रत्येकाची सही नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं.

नोटरीनं काही साधत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क नाही. हवेत ते दोन साक्षीदार. वडिलांनी त्यांच्यासमोर सही करायची आणि त्या दोघांनी वडिलांसमोर. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: कागद साक्षीदाराच्या घरी पाठवून सही आणतात. पुढे वाद झाला की कोर्टात निदान एका साक्षीदाराला सांगावं लागतं की सही माझ्यासमोर झाली. म्हणून साक्षीदार वडिलांपेक्षा वयानं लहान, पत्ता माहीत असलेले आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा: स्वतःचं भलंबुरं समजण्याइतके शुद्धीवर आहेत, एवढंच.

पेठेतला_वकील:
त्यात भर. फ्लॅट दोघांच्या नावावर असल्यानं वडील फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात. आईचं मृत्युपत्र वेगळं करा. मालमत्तेचं वर्णन सूची क्र. 2 (फ्लॅटच्या दस्तनोंदणीचा उतारा, इंडेक्स टू) आणि सातबाऱ्यावरून जसंच्या तसं उतरवा: सदनिका क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा नंबर, गट नंबर. नुसतं ‘कोथरूडचं घर’ लिहू नका. शेवटी एक कलम हवंच: ‘वर न लिहिलेली किंवा यापुढे मिळणारी मालमत्ता अमुकला’. हे नसलं की नंतर काढलेली एफडी पुन्हा वारसांच्या वाटणीत जाते. खाडाखोड झाली तर शेजारी वडिलांची आणि साक्षीदारांची सही घ्या; त्यापेक्षा नवीनच लिहा आणि ‘आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असं घाला.

नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. हवेलीच्या कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात चालते, फी 100 रुपये, शिवाय पानांप्रमाणे हाताळणी शुल्क. वडील हयात असेपर्यंत त्यांच्याशिवाय कुणाला नक्कल मिळत नाही, त्यामुळे मजकूर फुटत नाही. मात्र नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप खरं ठरत नाही, साक्षीदार लागतातच. पुण्यात प्रोबेटची (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) सक्ती नाही.

कोथरूडकर:
वडील अंथरुणाला खिळले तर? माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून ठेवू का?

दस्तलेखक, शिवाजीनगर:
करा, पण मर्यादा ओळखून. शरीर थकलं आणि बुद्धी शाबूत असेल तोवर ते उपयोगी. स्मृतिभ्रंशानं समज गेली की कायद्यानं ते संपतं, मृत्यूनंतर तर संपतंच. त्यानंतर त्याच्यावर बँकेतून पैसे काढणं हा सरळ गुन्ह्याचा विषय होतो, आणि हे अनेकदा भाबडेपणानं घडतं. ठेवी ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला’ अशा पद्धतीनं आईबरोबर करून घ्या, म्हणजे औषधपाण्याचे पैसे अडणार नाहीत. मूळ मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकरवरही दुसरं नाव असू द्या; नाहीतर ते बाहेर काढायलाच खटपट करावी लागते.