अनुभव धागा: शिवण दिसते तरी आवडणारे जपानी राक्षस

धाग्याचं निमित्त घरातलंच. परवा सात वर्षांच्या लेकीला घेऊन १९६५ सालचा गॉडझिलापट बघत बसले होते. गॉडझिला आणि रोडान नावाचा उडता राक्षस दुसऱ्या ग्रहावर जाऊन तीन डोक्यांच्या घिदोराशी लढतात, तो. घिदोरा पळाला आणि गॉडझिला एक हात डोक्यावर वाकडा धरून चक्क उड्या मारायला लागला. तेव्हाच्या एका लोकप्रिय जपानी विनोदी चित्रकथेतली ती पोझ. लेक पोट धरून हसली, मग उठून तशाच उड्या मारू लागली. मीही उठले! राक्षसाच्या पोशाखाचं रबर दिसतं, त्याला उडवायच्या तारा दिसतात, तरी या चित्रपटांवर इतका जीव का जडतो? आपापल्या आठवणी लिहा. हसू आलं असेल तर तेही लिहा, माझ्या लेखी ते प्रेमातच मोडतं.

मुंबईहून
मी व्हीएफएक्समध्ये काम करतो, दिवसभर संगणकावर धूळ आणि ढिगारे उडवतो. म्हणून हारुओ नाकाजिमा या माणसाबद्दल फार आदर वाटतो. १९५४च्या पहिल्या चित्रपटात गॉडझिलाच्या पोशाखात तो होता. पहिला पोशाख शंभरेक किलोंचा, आत हवा नाही, वरून दिव्यांची धग. चाल कशी असावी हे बघायला तो प्राणिसंग्रहालयात जाऊन बसायचा. विशेष दृश्यांचे दिग्दर्शक एजी त्सुबुराया कॅमेरा जास्त वेगाने चालवत, म्हणजे पडद्यावर सगळं संथ दिसे आणि हातभर उंचीची इमारत खरोखरच्या वजनाने कोसळल्यासारखी वाटे. एकदा फ्रेम थांबवून पाहा. तोक्योच्या गिंझा भागातला घड्याळाचा मनोरा पडतो तेव्हा त्याचे तुकडे किती सावकाश खाली येतात! कुणीतरी ती इमारत हाताने बांधली होती, आणि ती एकदाच पाडता येणार होती.

रत्नागिरीहून
शिमग्यात आमच्याकडे नमन या लोकनाट्यात संकासुर येतो. काळा पोशाख, उंच टोपी, आत कोण आहे ते अख्ख्या वाडीला ठाऊक. तरी लहानपणी मी आजीच्या पदराआड लपायचो. गॉडझिला पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही. सोंग आहे हे माहीत असणं आणि घाबरणं, दोन्ही एकाच वेळी होतं.

तोक्योहून
निशी-कासाईत राहते. हसण्याबद्दल सगळ्यांशी सहमत, पण पहिला चित्रपट मी इथल्या थिएटरात पाहिला तेव्हा कुणी हसलं नाही. पडद्यावर लोकलमध्ये एक तरुणी सहज बोलून जाते, नागासाकीतून कशीबशी जिवंत सुटले आणि आता हे. शेजारच्या आजोबांनी तेव्हा मान खाली घातली.

१ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची किरणोत्सारी राख दाइगो फुकुर्यू मारू या मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते, त्यातला एक सप्टेंबरमध्ये गेला. अशाच चाचण्यांनी जागा झालेल्या राक्षसाचा हा चित्रपट आला ३ नोव्हेंबरला, आणि त्याच्या सुरुवातीलाच समुद्रात एक बोट जळते. ती खरी बोट आमच्या घरापासून जवळ, युमेनोशिमाच्या संग्रहालयात ठेवली आहे. मी दोनदा जाऊन आले. लाकडाची आहे, आणि मनात होती त्यापेक्षा कितीतरी लहान. फळ्यांवरचा रंग पोपडे धरून सुटलाय. तिथून आल्यावर मी १९६०-७०च्या दशकांतले गमतीदार भाग पुन्हा पाहिले. ज्या प्राण्याने या शहराला इतकं घाबरवलं, तोच पुढे मुलांच्या बाजूने लढतो, नाचतो. मला त्यात फार मोठी माया दिसते.

नागपूरहून
गामेरा विसरू नका! १९६५, दुसऱ्या कंपनीचा. प्रचंड कासव पाय आत ओढतं, त्या भोकांतून ज्वाळा निघतात आणि ते भिंगरीसारखं गरगरत उडतं. हे ज्याला सुचलं त्याला माझा दंडवत.

कोल्हापूरहून
मी साउंडवाला. गॉडझिलाची डरकाळी कुठल्याच जनावराची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेतून कॉन्ट्राबासच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासला, आणि तो आवाज संथ करून वाजवला. मित्राच्या चेलोवर मी करून पाहिलं. तार करकरली, आणि पुढच्या खोलीतला कुत्रा उठून भुंकायला लागला. अंगावर काटा आला हो.

डोंबिवलीहून
रसायनशास्त्र शिकवते. माझा लाडका १९७१चा हेदोरा, कारखान्यांच्या गाळातून आणि धुरातून वाढलेला राक्षस. शेवटाकडे गॉडझिला तोंडातून ज्वाळा सोडत शेपटीकडून, उलटा उडत जातो. वर्गात हा तुकडा दाखवला तेव्हा मुलांनी बाक वाजवले. पण त्याच चित्रपटात गाळाने माखलेलं मांजराचं पिल्लू आहे. ते आल्यावर बाक थांबले. तास संपल्यावर एकाने विचारलं, "मॅडम, पिल्लू वाचलं ना?" वाचलं म्हणून सांगितलं.

धागाकर्ती
सगळं लेकीला वाचून दाखवलं, बोट आणि पिल्लू दोन्ही. शनिवारी १९६१चा मोथ्रा लावतोय, महाकाय पतंगाचा. तिने खोक्यांचं तोक्यो बांधायला घेतलंय. मोथ्राची अळी कोश विणते तो मनोरा मात्र तिला कुणी पाडलेला चालणार नाही, त्यासाठी माझी लोकरीची दोन गुंडाळी गेली.