मदत हवी आहे: आजीला कळेल असा परदेशी विनोदी सिनेमा सुचवा

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. परवा कापूस वेचून आल्यावर लॅपटॉपवर घरच्यांना 'मिस्टर ह्युलोज हॉलिडे' दाखवला. १९५३ चा फ्रेंच सिनेमा, कृष्णधवल. दिग्दर्शक झाक ताती, आणि ह्युलोची मुख्य भूमिकाही त्याचीच. घरात परदेशी भाषेतला सिनेमा पाहायची ही पहिलीच वेळ.

आजीला वाचता येत नाही, म्हणून मला धास्ती होती. पण यात संवाद अगदी मोजकेच. हॉटेलच्या जेवणघरातलं दार उघडलं-मिटलं की तार छेडल्यासारखा आवाज येतो. तिसऱ्यांदा आवाज आला आणि आजी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग विचारते, "थो मानूस काहून असा समोर वाकून चालते रे?" ह्युलोची नाव मधोमध दुमडते आणि लोक तिला शार्क समजून पळतात, तिथे तर बाबाही खदखदून हसले. दिवसभराच्या वेचणीनंतर बाबांना असं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

आता दोघंही रोज विचारतात, "दुसरा कधी लावतं?"

तर असे कमी संवादांचे सिनेमे आणखी कोणते? मूकपटांतले चॅप्लिन आणि कीटन ठाऊक आहेत, त्यापलीकडचे सांगा. दुसरं म्हणजे, बाबांसाठी मी मराठी सबटायटल टाइप करतोय. एसआरटी फाइल (सबटायटलची साधी मजकूर-फाइल) यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्ये सेव्ह केली, तरी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. लॅपटॉपवर नीट दिसतं. कुणी हे सोडवलंय का?