मदत हवी आहे: आंबोली घाटासाठी हे टायर चालतील का?

नमस्कार मंडळी. आम्ही वेंगुर्ल्याचे. पुढच्या शनिवारी आई-बाबांना घेऊन आंबोलीमार्गे कोल्हापूरला जायचंय. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तारीख पुढे ढकलता येणार नाही. गाडी वॅगनआर. पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि टायरांनी माझी झोप उडवली आहे.

गाडी फार फिरत नाही, ४१ हजार किलोमीटर झालेत. उभ्याउभ्या बघितलं तर नक्षी चांगली दिसते. काल स्टेअरिंग पूर्ण वळवून, खळ्यात आडवी पडून बॅटरीच्या उजेडात पुढच्या टायरांची आतली बाजू पाहिली आणि पोटात गोळाच आला. खाचेत जे आडवे उंचवटे असतात ना, टायर संपल्याची १.६ मिमीची खूण, आतल्या कडेची नक्षी झिजून त्यांना टेकली आहे. अलाइनमेंट दीड वर्षात केलेलं नाही, त्याचाच हा परिणाम असावा. मागचे त्यामानाने बरे. लेकाच्या पट्टीने मोजलं (पट्टीचा शून्य कडेपासून सुरू होत नाही, तेवढं धरून), तर तीनेक मिमी भरले. पण त्यांच्या बाजूला केसासारख्या चिरा आहेत, अंगठ्याने दाबलं की उघडतात. चारही टायरांवर ३२१९ आहे, म्हणजे २०१९च्या ३२व्या आठवड्यातले. उन्हात, खाऱ्या वाऱ्यात उभे राहूनच रबर म्हातारं झालंय.

गेल्या आठवड्यात सावंतवाडीला जाताना साचलेल्या पाण्यात एक क्षण स्टेअरिंग अगदी हलकं झालं, गाडी माझ्या हातात नव्हतीच. वेग जेमतेम ६० होता. खाचांतून पाणी बाहेर पडलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो, हे तेव्हा अंगावर काटा येऊन कळलं. आंबोलीत तर धबधब्यांचं पाणी रस्त्यावरून वाहतं, वर धुकं, आणि परतीला तोच घाट उतरायचा.

एका दुकानदाराने सांगितलं, "ताई, हवा नीट ठेवा, आरामात जाऊन याल." दुसरा म्हणतो चारही बदला, १८ हजार. ऑपरेशनच्या खर्चात एवढे एकदम काढणं जड आहे, दोन टायरांचे जमतील.

पुढचे काढायचेच, हे मी ठरवलंय. प्रश्न पुढचा आहे. नवी जोडी मागे बसवावी असं वाचलंय, कारण ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते. पण मग चिरा पडलेले टायर पुढे येणार, आणि घाट उतरताना ब्रेकचा सगळा भार पुढे. हे चालेल का? स्टेपनी एकदाही वापरलेली नाही, पण तीही २०१९चीच. तिच्यावर विसंबावं का?

की सरळ सावंतवाडीहून भाड्याची गाडी करू? पावसाळ्यात या घाटात नेहमी गाडी चालवणाऱ्यांनी कृपया सांगा. गुरुवारपर्यंत ठरवायचंय. चिरांचे फोटो उजेड झाला की टाकते.