नांगरलेल्या शिडाच्या नौकेवर वीज पडली: हंगाम पूर्ण करावा की नौका आताच पाण्याबाहेर काढावी?

नवखा_नाविक

माझी १० मीटर लांबीची फायबरग्लासची शिडाची नौका समुद्रात नांगरलेली असताना चार दिवसांपूर्वीच्या वादळात तिच्या डोलकाठीवर वीज पडली. त्या वेळी नौकेवर कोणी नव्हते, एवढे समाधान आहे. डोलकाठीच्या टोकावरचा व्हीएचएफ (सागरी रेडिओचा) अँटेना नाहीसा झाला असून तेथे काजळलेला बुंधा तेवढा उरला आहे. वारामापक, खोलीमापक आणि ऑटोपायलट बंद पडले आहेत. इंजिन मात्र पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले, दिवे लागतात आणि तळाशी पाणी साचलेले दिसत नाही. त्यामुळे बंद पडलेली उपकरणे बदलून घ्यावीत, हंगाम पूर्ण करावा आणि नौका पाण्याबाहेर काढण्याचे काम त्यानंतर हाती घ्यावे, असा माझा विचार आहे. नौकेवर माझी दोन्ही मुले माझ्याबरोबर असतात, म्हणून हा विचार योग्य आहे का, हे अनुभवी मंडळींनी स्पष्ट सांगावे.

जलरेषा

कृपया हंगाम संपण्याची वाट पाहू नका. वीज नौकेत कोठून शिरली हे तुम्हाला दिसले आहे. ती बाहेर कोठून पडली हे अजून दिसलेले नाही, आणि नौकेच्या जिवावर बेतते ते त्या दुसऱ्या जागेमुळे.

विजेच्या एका झोतात साधारण ३०,००० अँपिअर प्रवाह असतो. काही वेळा त्याच्या कित्येक पट. ॲल्युमिनियमची डोलकाठी एवढा प्रवाह सहज वाहून नेते. अडचण सुरू होते ती तिच्या पायथ्याशी. तेथून थेट पाण्यापर्यंत नेणारी जाड तांब्याची वाट नसेल, तर प्रवाह जवळच्या धातूवर उडी घेतो: इंजिनावर, पाण्याच्या टाकीवर, वायरींच्या जुडग्यावर, आणि शेवटी नौकेचे कवच भेदून पाण्यात उतरतो. फायबरग्लास विजेचा वाहक नाही. त्यामुळे प्रवाह त्याला फोडूनच पुढे जातो, आणि थरांमध्ये मुरलेल्या ओलाव्याची क्षणात वाफ होऊन ते थर एकमेकांपासून सुटतात. कधी हाताएवढे भगदाड पडते. कधी जलरेषेच्या आसपास टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, तीही बहुधा कपाटांच्या मागे, जिथे आतून नजर पोहोचत नाही. अशा छिद्रांतून पाणी इतके सावकाश झिरपते, की स्वयंचलित पंप ते उपसत राहतो आणि बॅटरी उतरेपर्यंत कोणाच्या काही लक्षात येत नाही. तळाशी पाणी दिसत नाही असे तुम्ही म्हणता, तेव्हा पंप दिवसातून किती वेळा चालतो हे आधी मोजावे.

तुमचा खोलीमापक बंद पडला आहे, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. त्याचा संवेदक कवचाला पाडलेल्या भोकात बसवलेला असतो, आणि विजेच्या धक्क्याने तो जागेवरून उखडून नौका बुडू शकते. तो आजच हाताने तपासा. समुद्राचे पाणी आत घेणारे नळजोड आणि त्यांच्या झडपाही तपासा. झडप फिरवताना जोर लावू नका, आणि त्या मापाची लाकडी बुचे हाताशी ठेवा. कीलचे, म्हणजे नौकेच्या तळाखालच्या वजनदार पात्याचे, शिसे फायबरग्लासच्या आत बंद केलेले असेल, तर कीलचा खालचा भागही बारकाईने पाहावा लागेल, कारण प्रवाह तेथूनही बाहेर फुटतो.

तारजोडणी

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. विद्युत बाजूचे थोडे सांगतो. बंद पडलेली उपकरणे फारशी फसवत नाहीत, आज चालू असलेली फसवतात. अल्टरनेटरमधील (इंजिनावर चालून बॅटरी भरणाऱ्या यंत्रातील) डायोड अर्धवट निकामी झालेले असतात, वायरींचे आवरण आतून करपलेले असते, आणि असा जोड पुढे कित्येक आठवड्यांनी तापून आग लावू शकतो. सर्व वायरींच्या आवरणाची चाचणी करून घेईपर्यंत नौका सोडून जाताना मुख्य स्विच बंद ठेवा. पंपाची वायर तेवढी स्वतंत्र फ्यूजवर चालू राहू द्या. किनाऱ्याच्या विजेवर नौका जोडत असाल, तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे धातू झिजवणारा बारीक प्रवाह किनाऱ्याच्या जोडणीतून अडवणारे उपकरण, तपासा. तो आतून जळाला असेल, तर पाण्याखालचे धातूचे भाग नेहमीपेक्षा फार लवकर झिजू लागतात.

होकायंत्रावर लगेच विश्वास ठेवू नये. विजेच्या प्रवाहाने जवळचे लोखंड चुंबकित होते आणि दिशा चुकीची दिसू लागते, तेव्हा ज्ञात खुणांशी ताडून नवा विचलन-तक्ता (कोणत्या दिशेला होकायंत्र किती चुकते याची नोंद) करावा. विमा असेल, तर काहीही काढण्यापूर्वी छायाचित्रे घ्या आणि सर्व्हेअरला नौका पाण्याबाहेर असतानाच बोलवा.

सुकाणू

माझ्या नौकेवर वीज पडली होती, तेव्हा डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा बाहेरून नव्यासारख्या दिसत होत्या. तरीही एका तारेचे दाबून बसवलेले टोक आतून तडकलेले निघाले. म्हणून शिडे चढवण्यापूर्वी प्रत्येक टोक भिंगाखाली पाहावे. डोलकाठी कार्बनची असेल, तर अल्ट्रासाउंड तपासणीशिवाय तिच्यावर भार टाकू नये.

पुढच्या वेळेसाठीही काही सांगावेसे वाटते. वीज पडूच नये यासाठी डोलकाठीवर लावण्याचे ब्रश विकले जातात. त्यांनी वीज टळते असे मी मानत नाही. तिला सोपी वाट करून देणे, हाच खरा उपाय आहे. विल्यम स्नो हॅरिस यांनी लाकडी जहाजांच्या डोलकाठ्यांत तांब्याच्या पट्ट्या बसवून त्या तळापर्यंत नेण्याची पद्धत विकसित केली, आणि १८३१ मध्ये डार्विन ज्या ‘बीगल’वरून निघाले, त्या जहाजावर ती बसवलेली होती. आजही तत्त्व तेच आहे: डोलकाठीच्या पायथ्यापासून किमान २१ चौरस मिलीमीटर छेदाची तांब्याची तार, तीक्ष्ण वळण न देता, कीलपर्यंत किंवा पाण्याखालच्या धातूच्या पट्टीपर्यंत न्यावी. खाऱ्या पाण्यात सुमारे ०.१ चौरस मीटरची पट्टी पुरेशी धरतात. गोडे पाणी वीज फार कमी वाहून नेते, त्यामुळे तेथे तेवढी पट्टी अपुरी पडते आणि प्रवाहाच्या उड्या जास्त होतात.

मुलांचा उल्लेख केलात, म्हणून हे विशेष कळकळीने लिहितो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागा. तेवढे किलोमीटर ती दूर असते. तरीही गडगडाट ऐकू आला, की सर्वांना आत घ्या, डोलकाठीपासून आणि तारांपासून दूर बसवा, आणि धातूच्या दोन वस्तूंना एकाच वेळी हात लावू देऊ नका. हातातला जीपीएस आणि छोटा व्हीएचएफ संच ओव्हनमध्ये ठेवा, म्हणजे ते शाबूत राहण्याची शक्यता वाढते.

नवखा_नाविक

सर्वांचे मनापासून आभार. काल नौका पाण्याबाहेर काढली. खोलीमापकाच्या संवेदकाभोवतीचा लेप सर्व बाजूंनी तडकला होता आणि तो बोटाने दाबला तरी हलत होता. उजव्या बाजूला, जलरेषेच्या चार बोटे खाली, सात बारीक छिद्रे सापडली. ती नेमकी त्या कपाटामागे आहेत, ज्यात मुलांची जीवरक्षक जाकिटे ठेवलेली असतात. डोलकाठीच्या पायथ्याला कीलशी जोडणारी तार मुळातच नव्हती. सर्व्हेअर परवा येणार आहेत. तोपर्यंत काहीही हलवलेले नाही.