प्रतिभाताई 'घराण्याच्या' आणि मुर्मू 'कर्तृत्वाच्या'? की उलट? दोन्ही बाजूंना माझं उत्तर

तापीकाठ :
काल इथे एकाने लिहिलं की प्रतिभा पाटील गांधी घराण्याच्या निष्ठेवर राष्ट्रपती झाल्या आणि द्रौपदी मुर्मू मात्र स्वतःच्या बळावर. त्याखाली दुसऱ्याचं उत्तर: मुर्मू म्हणजे रबरी शिक्का, प्रतिभाताईंनी निदान आयुष्यभर राजकारण तरी केलं होतं. दोघांनाही आपापल्या गोटातून भरभरून लाइक मिळाले. मला दोघांचाही संताप आला, म्हणून वेगळा धागा काढते.

मी जळगावची. प्रतिभाताई १९६२ साली आमच्या शहरातून आमदार झाल्या तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. पुढे एदलाबादहून चार वेळा निवडून आल्या, मंत्री झाल्या, पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार असताना विरोधी पक्षनेत्या होत्या. राज्यसभेच्या उपसभापती, अमरावतीच्या खासदार, राजस्थानच्या राज्यपाल. २००७ मध्ये नाव जाहीर झालं आणि त्यांच्या विरोधकांना यातलं काहीच आठवेना. 'सोनियाबाईंच्या विश्वासातली बाई' एवढंच शिल्लक राहिलं.

मुर्मूंचं २०२२ मध्ये तेच झालं, फक्त बोलणारे बदलले. १९९७ मध्ये रायरंगपूरच्या नगरसेविका, २००० आणि २००४ मध्ये आमदार, ओडिशात मंत्री, झारखंडच्या राज्यपाल. यातलं काही न वाचता 'आदिवासी म्हणून बसवलं' म्हणून मोकळे. काँग्रेसच्या अधीर रंजन चौधरींनी तर त्यांना 'राष्ट्रपत्नी' म्हटलं आणि शेवटी लेखी माफी मागितली.

बाई आपल्या पक्षाची असली की तिचा प्रवास दिसतो, दुसऱ्या पक्षाची असली की फक्त तिला बसवणारा हात दिसतो. पुरुष उमेदवाराबाबत हा प्रश्न किती वेळा विचारला जातो? सगळेच राष्ट्रपती कुणीतरी बसवलेलेच असतात. निवडणूकच तशी आहे.

रोखठोक_नागपूर :
ताई, तराजू सरळ धरल्यासारखं दाखवताय, पण तो एका बाजूला झुकलाय. प्रतिभाताईंवरची टीका त्या बाई होत्या म्हणून नव्हती. त्यांच्याशी संबंधित महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला होता, ठेवीदारांचे पैसे अडकले होते. उदयपूरला पडदा पद्धतीचा संबंध मुघलांशी जोडणारं विधान केलं, त्यावर तर इतिहासकारच चिडले. पद सोडताना पुण्यात खडकीच्या लष्करी जागेवरचं घर, तेही टीका झाल्यावर सोडलं. हे प्रश्न विचारायचेच नाहीत का? मुर्मूंच्या नावावर असं एक तरी प्रकरण दाखवा.

सह्याद्री_१९६० :
रोखठोक, बँकेवर जरूर बोला. पण २००७ मध्ये तुमच्याच आघाडीतल्या शिवसेनेने मराठी राष्ट्रपती म्हणून प्रतिभाताईंना मत दिलं, ते बँक माहीत असूनच ना? राजस्थानात धर्मांतरविरोधी विधेयक तुमच्या भाजप सरकारने पाठवलं, ते राज्यपाल म्हणून प्रतिभाताईंनी परत केलं. खरा राग तिथला होता.

मुर्मूंचं म्हणाल, तर कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनावर ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी जाहीर संताप व्यक्त केला, योग्यच केलं. मणिपूरच्या बायकांबद्दल तसं निवेदन आलं का? तिथे राज्य कुणाचं होतं?

तापीकाठ :
सह्याद्री, मणिपूरचा प्रश्न रास्त आहे, मलाही तो टोचतो. पण २०१७ आठवा. झारखंडात भाजपचंच सरकार होतं आणि छोटानागपूर व संथाल परगणा कूळ कायद्यातल्या दुरुस्त्यांची विधेयकं त्याच सरकारची. आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न होता. ती राज्यपाल मुर्मूंनी परत पाठवली. स्वतःच्या पक्षाच्या सरकारची विधेयकं परत करणाऱ्या बाईला शिक्का म्हणता? प्रतिभाताईंनी परत केलं ते विरोधी पक्षाच्या सरकारचं होतं. यातलं अवघड कुठलं, ते तुम्हीच ठरवा.

सातपुडा_पायथा :
मी आदिवासी आहे, नंदुरबार जिल्ह्यातला. मुर्मूताईंची शपथ झाली त्या दिवशी आमच्या आश्रमशाळेतल्या मुलींनी ढोल वाजवला होता, मी स्वतः पाहिलं. तुमच्यातल्या कुणीही त्याला प्रतीकात्मक म्हणू नये. दिल्लीत आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारखं गाव असलेली बाई त्या खुर्चीत बसलेली त्या मुलींनी पहिल्यांदा पाहिली.

पण माझ्या काकांचा वनहक्काचा दावा कायदा आल्यापासून पडून आहे. कायदा २००६ चा. जीपीएसने मोजणी झाली, ग्रामसभेचा ठराव झाला, उपविभागीय समितीत फाइल गेली ती गेली. काका वारले. २०१२ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी पी. ए. संगमा आदिवासी म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांना भाजपने पाठिंबा दिला आणि काँग्रेसने प्रणव मुखर्जींना निवडून आणलं. २०२२ मध्ये भाजपने मुर्मूताईंना उभं केलं आणि काँग्रेसने यशवंत सिन्हांना पाठिंबा दिला. आदिवासी राष्ट्रपतीवरून दोन्ही पक्ष भांडतात, दाव्याची फाइल हलावी असं कुणालाच वाटत नाही.

रोखठोक_नागपूर :
संगमांना आम्हीच पाठिंबा दिला होता, हे बरं आठवलं तुम्हाला.

सातपुडा_पायथा :
पडणार हे माहीत असताना दिला होता, दादा.

माजी_उपसरपंच :
राष्ट्रपतींचं सोडा. खाली गावात या आणि बघा काय चाललंय. १९९३ पासून ३३ टक्के, २०११ पासून आपल्या राज्यात ५० टक्के महिला आरक्षण. आमच्या गावात सरपंचपद महिलेसाठी सुटलं तेव्हा उभ्या राहिलेल्या सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या बायका. सही ताईंची, डोकं दादांचं. आणि खरं सांगतो, दादा नसते तर पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा परत गेला असता. ताईंना ई-टेंडर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. वरच्या पदांवरही हेच, फक्त माणसं मोठी.

ग्रामसेविका_निवृत्त :
उपसरपंच साहेब, तुम्ही पहिल्यांदा निवडून आलात तेव्हा तुम्हाला ई-टेंडर माहीत होतं का? कोणत्या ग्रामसेवकाने शिकवलं ते आठवा.

मी आयुष्यभर प्रोसिडिंग बुकं लिहिली. एका गावात ग्रामसभेत सरपंचबाईंचे यजमान खुर्चीवर आणि बाई खाली सतरंजीवर, डोक्यावर पदर. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, सरपंच खुर्चीवर बसल्याशिवाय इतिवृत्त लिहिणार नाही. मोठा गोंधळ झाला. गावातल्या पुढाऱ्याने पंचायत समितीत तक्रार केली, बीडीओंनी (गटविकास अधिकाऱ्यांनी) मला बोलावून 'गावाशी जुळवून घ्या' सांगितलं आणि पुढच्या बदल्यांत माझं नाव आलं. पण बाई त्या दिवशी खुर्चीवर बसल्या. नंतर कळलं की चेकवर कशासाठी ते वाचल्याशिवाय सही करायचं त्यांनी बंद केलं. मग त्यांच्यावर अविश्वास ठराव आला. डोकं दादांचं होतं तोवर कुणाचीच तक्रार नव्हती, बाई स्वतः वाचायला लागल्या तेव्हा मात्र त्या 'अकार्यक्षम' झाल्या.

माजी_उपसरपंच :
म्हणजे सगळे पुरुष चोर आणि तुम्ही एकट्या क्रांतिकारक? ग्रामसेवक मंडळी काय काय करतात ते उघड लिहू का? पाणीपट्टीच्या पावत्या कुठे जायच्या ते?

ग्रामसेविका_निवृत्त :
लिहा. माझ्या नोकरीतला लेखापरीक्षणाचा एकही आक्षेप राहिलेला नाही, सगळे निकाली निघाले. तुमच्या गावच्या त्या ताईंना विचारून लिहा, त्यांच्या नावावर कशाकशावर सह्या झाल्या ते.

तापीकाठ :
उपसरपंच, दूर कशाला जाता, आमच्या जिल्ह्यात या. विचखेड्याच्या महिला सरपंचांना गावातल्यांनी तक्रार करून अपात्र ठरवलं. काय तर म्हणे सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात. जिल्हाधिकाऱ्यांनी, विभागीय आयुक्तांनी तेच उचलून धरलं, उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं आणि म्हटलं की बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचलेलं नव्हतं. एका सरपंचपदासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं!

मांडवीतीर :
गोव्यातून लिहितोय. महाराष्ट्रातल्या पुरोगामी मंडळींनी इकडे पाहावं. शशिकलाताई काकोडकर १९७३ मध्ये आमच्या मुख्यमंत्री झाल्या. भाऊसाहेब बांदोडकरांची मुलगी म्हणून झाल्या, ते कुणी नाकारत नाही. पण १९७५ चा मुंडकार कायदा त्यांच्याच काळातला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या माणसाला त्याने संरक्षण दिलं. माझे आजोबा मुंडकार होते. आमच्या घरात 'बापाची मुलगी' असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणायची छाती केली नसती. तुमच्याकडे अजून एकही महिला मुख्यमंत्री नाही, आणि तुम्ही राष्ट्रपतींवरून भांडताय.

दिघी_बंदर :
महिलांचं झालं. महाराष्ट्राला एकच मुसलमान मुख्यमंत्री मिळाला, बॅरिस्टर अंतुले, १९८० मध्ये. आमच्या श्रीवर्धन भागाचे. संजय गांधी निराधार योजना त्यांची, माझी आजी त्याच पैशावर जगली. कुलाब्याचं नाव रायगड त्यांनीच केलं. पण आजही नाव काढलं की पहिला शब्द 'सिमेंट'.

रोखठोक_नागपूर :
कारण उच्च न्यायालयानेच ठपका ठेवला! अंतुल्यांच्या प्रतिष्ठानला देणग्या आणि त्या बदल्यात बिल्डरांना सिमेंट, हे कुणी विरोधकांनी रचलेलं नव्हतं. यात धर्म कुठून आला?

दिघी_बंदर :
ठपका ठेवला, राजीनामा द्यावा लागला, ते मी नाकारलंय का? मी काय विचारतोय ते वाचा. १९८६ मध्ये निलंगेकरांना मुलीच्या एमडी परीक्षेच्या गुणांवरून जावं लागलं. २०१० मध्ये अशोक चव्हाणांना आदर्श सोसायटीच्या घोटाळ्यावरून. त्यानंतर कुणी कधी म्हणालं का, मराठ्याला मुख्यमंत्री केलं की हे असं होतं? माझ्या वडिलांना त्यांच्या कार्यालयात १९८२ मध्ये सहकाऱ्याने तोंडावर म्हटलं होतं, 'तुमच्या माणसाला एकदा दिलं, बघितलं काय झालं ते.' तुमच्या माणसाला! वडील पंचवीस वर्षं काँग्रेसचंही काम करत नव्हते, त्यांचा अंतुल्यांशी काय संबंध?

सह्याद्री_१९६० :
आणि तरीही संधी दिली काँग्रेसनेच, हे विसरू नका. सुशीलकुमार शिंदेंनाही काँग्रेसनेच दिली.

सातपुडा_पायथा :
शिंदे साहेबांचं नाव तुम्ही घेताय? कोर्टात शिपाई, मग फौजदार, तिथून मुख्यमंत्री झालेला दलित माणूस. २००४ ची निवडणूक त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकली, आणि निकालानंतर मुख्यमंत्री कोण? विलासराव. शिंदे आंध्रच्या राजभवनात. पद दिल्याचं श्रेय घेता, तर काढून घेतल्याचंही घ्या.

सह्याद्री_१९६० :
ते आघाडीचं राजकारण होतं, राष्ट्रवादीच्या जागा दोनने जास्त होत्या. पण ठीक आहे, शिंदेंच्या बाबतीत अन्याय झाला, हे मान्य. रोखठोक लगेच उड्या मारतील, म्हणून एवढंच.

रोखठोक_नागपूर :
उड्या मारत नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, आमच्या घरात सगळ्यांना ते वाईट वाटलं होतं. आणि ताई, विचखेड्याचा निकाल मी आत्ता वाचला. वाईट आहे. झारखंडची विधेयकं मुर्मूंनी परत केली, हे आमच्याच लोकांना माहीत नाही, हेही खरं. पण बँकेचा मुद्दा मी सोडत नाही.

तापीकाठ :
सोडू नका. ठेवीदार माझ्याही ओळखीचे आहेत. फक्त पुरुष नेत्यांच्या बुडालेल्या पतसंस्थांवरही याच आवाजात बोला, आमच्या जिल्ह्यात त्या कमी नाहीत.

आता दोघांना एकच विचारते. २०२४ मध्ये २८८ आमदारांत महिला दहा टक्केही नाहीत. लोकसभा-विधानसभेतल्या ३३ टक्के महिला आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तो जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेला बांधून ठेवलाय. कायद्याची वाट न बघता तुमच्या पक्षाने आज मुख्यमंत्रिपदासाठी बाईचं नाव द्यायचं ठरवलं, तर कुणाचं द्याल? नाव सांगा.

रोखठोक_नागपूर :
पंकजाताई मुंडे. मंत्री म्हणून काम केलंय, मराठवाडा उभा आडवा माहीत आहे.

सह्याद्री_१९६० :
गोपीनाथरावांच्या नावाशिवाय? बघू. आमच्याकडे यशोमतीताई ठाकूर आहेत, वर्षाताई गायकवाड आहेत, प्रणितीताई आहेत.

ग्रामसेविका_निवृत्त :
सह्याद्री, यशोमतीताईंचे वडील आमदार होते, वर्षाताईंचे खासदार, आणि प्रणितीताई तर वर ज्यांच्यावर अन्याय झाला म्हणालात त्यांच्याच कन्या. पंकजाताईंना मात्र वडिलांचं नाव वगळून दाखवायला सांगताय.

रोखठोक_नागपूर :
हेच तर मी...

ग्रामसेविका_निवृत्त :
तुम्ही थांबा. 'जनतेच्या मनातली मुख्यमंत्री' असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्यावर सगळ्यात आधी तुटून पडले ते कोणाचे होते? तुमच्याच पक्षाचे.