डॉलरऐवजी रुपयात बिल केलं तर अमेरिकेच्या ५० टक्के आयात ड्युटीतून सुटका होते का? (२०२५ मधली चर्चा, दर तेव्हाचे)

कार्टनवाला_सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी एक्सपोर्टची कागदपत्रं बघतो. पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बँकेतले हेलपाटे, सगळं माझ्याच गळ्यात. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारतीय मालावर वाढीव ५० टक्के ड्युटी लावली. बायरचा मेल आला की माल थांबवा, नाहीतर ड्युटीचा निम्मा भार तुम्ही उचला. गोदामात ३१२ कार्टन पडलेत. प्रत्येक टॉवेलला त्याचं लेबल शिवलेलं, म्हणजे इथल्या मंगळवार पेठेच्या बाजारात काढायची पण सोय नाही.

त्यात मालकांचा भाचा पुण्याहून आला. पेमेंट ॲपच्या कंपनीत आहे. म्हणतोय, "मामा, रुपयात बिल करा. यूपीआय सिंगापूर-फ्रान्सला पोचलंय, डॉलरचे दिवस भरले." मालक निम्मे पटलेत. दुबईचा एजंट तिसरंच सांगायलाय: माल माझ्या नावानं काढा, दिरहममध्ये पैसे घ्या, पुढं अमेरिकेला मी बघतो. सोमवारी मालकांना उत्तर द्यायचंय. जाणकारांनी सांगा.

निवृत्त_फॉरेक्स
तीस वर्षं बँकेत हेच केलं म्हणून सांगतो. तुम्ही दोन गोष्टी एकात कालवताय. ड्युटी बसते ती वेशीवर, आणि भरतो तिथला आयातदार. बिल रुपयात असो की दिरहममध्ये, त्यांचं कस्टम त्याचे डॉलर करून घेतं आणि टक्के लावतं. तीन डॉलरच्या टॉवेलवर आधी ९.१ टक्क्यांनी २७ सेंट लागायचे. आता ५९.१ टक्क्यांनी १ डॉलर ७७ सेंट. चलन बदलून यातला एक सेंटही हलत नाही.

दुबईचं तर नावच काढू नका. टॉवेलचा मूळ देश म्हणजे कापड जिथं विणलं तो देश. नुसती कागदं फिरवून सोलापूरचं दुबई होत नाही, आणि लेबल बदललं तर ती सरळ फसवणूक.

भाचा अगदीच चुकीचा नाही, पण पाइप आणि पाणी, म्हणजे पैसे पाठवायची यंत्रणा आणि चलन, यात गल्लत करतोय. स्विफ्ट ही बँकांचे एकमेकींना निरोप पोचवणारी बेल्जियमची यंत्रणा, १९७३ सालची. मार्च २०२२ मध्ये सात रशियन बँका त्यातून काढल्या, तेव्हा जगाला कळलं की पाइपचा नळ कुणाच्या हातात आहे. त्याच जुलैत रिझर्व्ह बँकेनं रुपयात आयात-निर्यातीची सोय केली. झालं काय? आपण रशियाचं तेल घेतलं भरपूर, त्यांनी आपल्याकडून घेतलं थोडं. मे २०२३ ला त्यांचे परराष्ट्रमंत्री लावरोव गोव्यात येऊन म्हणाले, आमचे अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडलेत, ते वापरता यायला हवेत. गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याचं टोकन किराणा दुकानात चालवून बघा, तसं. तुमचा बायर रुपये आणणार कुठून, आणि का आणेल?

यूपीआयचं सिंगापूरच्या पेनाऊशी, म्हणजे तिथल्या यूपीआयसारख्या सोयीशी, जोडणं फेब्रुवारी २०२३ चं. पोराला घरखर्चाचे पैसे पाठवायला उत्तम. कंटेनरचं बिल त्यातून जात नसतं.

पूर्वभाग_मागवाला
काका बरोबर बोलले. आमचं जॉबवर्क आहे, आठ माग, त्यातले पाच बंद. खरी गोम कुणी बोलत नाही: पाकिस्तानला १९ टक्के, बांगलादेशला २०. टॉवेलमध्ये कराचीवाले आधीपासून आपले स्पर्धक. बायर डॉलर सोडणार नाही हो, आपल्याला सोडेल.

चादर_घरपोच
मी परदेशातल्या मराठी लोकांना चादरी विकते, एकेक पार्सल. माझ्या धंद्यात पेमेंटच्या तंत्रज्ञानानं फरक पडला, हे मान्य. पूर्वी बँक टू बँक आलं की मधल्या बँका २०-२५ डॉलर कापायच्या, चादरीचा नफाच जायचा. आता पैसे दोन दिवसांत येतात. पण ८०० डॉलरखालच्या पार्सलला असलेली माफी २९ ऑगस्टला गेली, आणि आपल्या टपाल खात्यानं त्याआधीच अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. पैसे आलेत, चादर घरात. दोघींना परत केले.

निवृत्त_फॉरेक्स
ताई, दोन वाक्यांत माझं सगळं सांगितलंत. कार्टनवाले, मालकांना म्हणावं इंग्लंडकडे बघा. २४ जुलै २०२५ ला करार झालाय, लागू झाला की कापडावरची १२ टक्क्यांपर्यंतची ड्युटी शून्यावर येईल. तोवर सॅम्पल तरी पाठवा.

कार्टनवाला_सोलापूर
सांगितलं मालकांना. भाचा जरा फुगलाय. इंग्लंडचं साइझ आणि जीएसएम (कापडाचं वजन) दोन्ही वेगळं, मागावर ताण्याच्या सुताची नवीन बीम भरावी लागेल, म्हणून मालक अजून हो-नाही करायलेत. दुबईवाल्याला नकार कळवला. बायरकडनं लेखी घेतलं की लेबल काढून माल इथं विकला तर त्याची हरकत नाही. आज दोन बायका उसवायला बसवल्यात. एका टॉवेलला दीड मिनिट जातंय, आणि घाई केली की काठाचा धागा निघतोय.