व्हायोला हे दुय्यम वाद्य नव्हे

व्हायोलिन न जमलेले वादक व्हायोलाकडे, म्हणजे व्हायोलिनसारख्याच पण थोड्या मोठ्या आणि खालच्या स्वराच्या वाद्याकडे वळतात, हे एका वाचकाचे मत ब्रिटिश व्हायोलावादक लायोनेल टर्टिस (१८७६–१९७५) यांची कारकीर्द पाहता मला पटत नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये व्हायोलिन शिकत असताना, चार तंतुवादकांच्या एका चौकडीला व्हायोलावादक हवा म्हणून त्यांनी व्हायोला हाती घेतला आणि पुढचे सारे आयुष्य त्यालाच वाहिले.

अडचण वादकाची नसून वाद्याच्या घडणीतली आहे. व्हायोलाच्या तारा व्हायोलिनच्या पाच स्वर खाली लावतात. त्या खर्जाला साजेशी मोठी पेटी (वाद्याचा पोकळ लाकडी भाग) केली, तर ती हनुवटीखाली धरून वाजवणे अशक्य होईल, म्हणून प्रत्येक व्हायोला ही एक तडजोडच असते. टर्टिस यांनी आर्थर रिचर्डसन या कारागिराच्या मदतीने पावणेसतरा इंच लांबीचा व्हायोलाचा नमुना तयार केला, तो भरदार नादासाठीच. इंग्रज संगीतकार विल्यम वॉल्टन यांचा व्हायोला कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीने एकल वाद्यासाठीची रचना) मात्र टर्टिस यांनी अतिआधुनिक म्हणून परत पाठवला आणि १९२९ मध्ये तो प्रथम जर्मन संगीतकार व व्हायोलावादक पॉल हिंडेमिथ यांनी वाजवला. पुढे टर्टिस यांनी आपली चूक मान्य करून तो स्वतः सादर केला, हा मोठेपणा मला फार मोलाचा वाटतो.

आम्हा ठाणेकरांना व्हायोला प्रत्यक्ष ऐकायचा, तर मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफिलीला जावे. परतीच्या लोकलची दगदग सोसूनही जावे. तेथे मोझार्टची व्हायोलिन-व्हायोलासाठीची सिम्फोनिया कॉन्चेर्तांते (वाद्यवृंदासह एकाहून अधिक एकल वाद्यांची रचना) असेल, तर ती अवश्य ऐकावी, कारण तीत दोन्ही वाद्यांना बरोबरीचा मान आहे.